रूळ, इंजिन आणि वही

आमच्या करजणचे नाव हिंदुस्थानच्या रेल्वेच्या इतिहासात एका कारणाने येते आणि ते कारण येथील नव्या पिढीस फारसे ठाऊक नसते. १८६२ साली, खंडेराव महाराज गायकवाड यांच्या अमदानीत, डभोई ते मियागाम असा अरुंद लोहमार्ग घातला गेला. एखाद्या संस्थानिकाने स्वतःच्या मालकीचा घातलेला हा देशातील पहिला लोहमार्ग. त्यावरून गाडी जाई खरी, पण ती ओढीत बैल. पुढच्याच वर्षी नीलसन कंपनीचे वाफेचे इंजिन लावून पाहण्यात आले, तेव्हा ध्यानात आले की बैलांच्या बेताने टाकलेले रूळ इंजिनाचा भार पेलणारे नाहीत. पुन्हा बैल आले. १८७३ साली भक्कम रूळ टाकून मार्ग नव्याने सिद्ध झाला, तेव्हा कोठे इंजिनाची सोय झाली. मधल्या दहा वर्षांत ‘बैल नव्या यंत्रास सहकार्य करीत नाहीत’ अशी तक्रार कोणी दप्तरी नोंदविल्याचे आमच्या तरी पाहण्यात नाही.

हा इतिहास आठवण्याचे निमित्त अगदी आजचे आहे. हिशेबाच्या नोकरीतून निवृत्त झाल्यावर कापसाच्या एका जिनिंग कारखान्याच्या चालकांनी आम्हांस कचेरीची घडी बसवून देण्यास बोलाविले. कानम प्रदेशातील काळ्या जमिनीचा कापूस येथे येतो, सरकी वेगळी होते, रुईच्या गासड्या बांधल्या जातात. काटा एकीकडे, स्टोअर दुसरीकडे, हिशेब तिसऱ्या खोलीत आणि शेठ वडोदऱ्यात. चौघांनी एकाच ठिकाणी लिहावे, एकाच ठिकाणी वाचावे, म्हणून शेठांनी सामूहिक कामाचे एक सॉफ्टवेअर घेतले होते. निरोप, कागद, कामांची यादी, बैठकीची वेळ, सारे त्यात. वडोदऱ्याहून एक हुशार तरुण आला, त्याने दोन तास इंग्रजीत पडद्यावर चित्रे दाखविली, चहा झाला आणि तो गेला. महिनाभराने पाहावे तो सॉफ्टवेअरमध्ये शुकशुकाट आणि कारखान्याच्या व्हॉट्सॲप-गटावर मात्र जत्रा! शेठांचे निदान ठरलेले होते : ‘आपल्या माणसांना बदल नको असतो.’

हे निदान आम्हांस मान्य नव्हते. काट्यावर बसणारे भाई आपल्या नातवाला मोबाइलवर गोष्टी ऐकवीत, विजेचे बिल त्यावरूनच भरीत, गावी पैसे पाठवीत. ज्याने आपणहून इतके बदल पचविले, तो याच एका बदलाला का अडला, हा खरा प्रश्न होता.

आम्ही चार दिवस काट्यावर जाऊन बसलो. ट्रॅक्टर आला की भरलेले वजन, मग रिकामे वजन, ओलीचे प्रमाण, शेतकऱ्याचे नाव, गाव, एवढे सर्व भाईंनी चिठ्ठीवर लिहायचे आणि तेच पुन्हा सॉफ्टवेअरमध्ये भरायचे. मागे गाड्यांची रांग, भोंगे वाजताहेत. त्या दुसऱ्या लेखनाने शेठांना वडोदऱ्यात बसून दिवसाची आवक दिसे. भाईंना काय मिळे? काही नाही. उलट चूक झाली तर तीही वडोदऱ्यात दिसे.

जोनाथन ग्रुडिन नावाच्या अमेरिकन संशोधकाने १९८८ सालीच एका निबंधात ही गोष्ट नेमकी सांगून ठेवली आहे. अशा सामूहिक प्रणाली का फसतात, तर श्रम एकाचे आणि लाभ दुसऱ्याचा, म्हणून. त्याने उदाहरण दिले होते ते बैठकींची वेळ आपोआप ठरविणाऱ्या प्रणालीचे : साऱ्यांनी आपापली दैनंदिनी काटेकोर भरावी, तेव्हा साहेबांना बैठक बोलाविणे सोपे जाणार. लोक दैनंदिनी भरीत नाहीत, यात नवल ते काय!

भाईंची खरी अडचण निराळीच होती. शेतकरी काट्यावर येऊन विचारी, ‘मागच्या मालाचे पैसे कधी?’ भाईंना ते ठाऊक नसे. ते हिशेबाच्या खोलीकडे बोट दाखवीत, खोलीतून वडोदऱ्याकडे बोट जाई आणि उन्हात उभा असलेला माणूस चार शब्द सुनावी ते मात्र भाईंनाच. आम्ही शेठांस सुचविले की पैसे चुकते झाल्याची नोंद हिशेबवाल्यांनी त्याच ठिकाणी करावी आणि ती काट्यावर दिसावी. चिठ्ठीही त्यातूनच छापून निघावी, म्हणजे दोनदा लिहिणे नको. शेठांनी प्रथम नाक मुरडले. पैशाची माहिती काट्यावर कशाला, असा त्यांचा सूर. पण मानले. त्यानंतर भाईंना सॉफ्टवेअर वापरा म्हणून कोणास सांगावे लागले नाही. शेतकऱ्याच्या तोंडावर ‘बुधवारी जमा झालेत, बघा’ असे म्हणताना त्यांच्या आवाजात जे येई, ते कोणत्याही प्रशिक्षणाने आले नसते.

शब्दांचाही खोळंबा होता. पडद्यावर ‘टास्क’, ‘चॅनल’, ‘वर्कस्पेस’. ज्यांच्या पूर्वजांनी बडोद्याच्या कचेऱ्यांत कारकुनी केली, त्यांना यावरून सयाजीराव महाराज आठवावेत हे साहजिक आहे. राज्यकारभारातल्या शब्दांसाठी महाराजांनी विद्वान बसवून ‘श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरु’ सिद्ध करविला आणि १९३१ साली तो प्रसिद्ध झाला. इंग्रजी शब्दाला गुजराती, मराठी, संस्कृत, उर्दू, फारसी, हिंदी आणि बंगाली असे पर्याय त्यात आहेत. त्याआधी १९१० साली अमेरिकेहून बॉर्डनसाहेबांना ग्रंथालयांच्या उभारणीसाठी आणले, तेव्हा माणसे शिकवून तयार करण्याचा वर्गही त्यांच्याकडून सुरू करविला आणि ग्रंथालयांच्या कामाचे नियतकालिक निघाले ते इंग्रजी, गुजराती व मराठी अशा तिन्ही भाषांत. ज्याने काम करायचे त्याच्या तोंडी बसेल असा शब्द आधी, हे धोरण आमच्या घरांना परके नाही. कारखान्यात एवढा थाट कुठला? चॅनलांची नावे तेवढी आम्ही बदलविली : ‘काटा’, ‘स्टोअर’, ‘हिशेब’, ‘बिघाड’. बारीकशी गोष्ट, पण ‘बिघाड’मध्ये पहिल्याच आठवड्यात मेस्त्रींनी स्वतःच्या आवाजात निरोप टाकला.

शेठांविषयीही एक सांगितले पाहिजे. सॉफ्टवेअर त्यांनी घेतले, पण ते स्वतः दुपारी फोन करून विचारीत, ‘आज किती गाड्या?’ फोनवर उत्तर मिळते आहे तोवर लिहायचे कशाला, हे कारखान्यातल्या पोरासही कळते. वरच्याने जुनी वाट चालू ठेवली की खालचे तिनेच जातात. २०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी आली, तेव्हा वर्षानुवर्षे अडलेल्या कचेऱ्या चार आठवड्यांत टीम्स आणि झूमवर गेल्या, त्याचे मुख्य कारण त्या दिवसांत जुनी वाटच बंद होती. शेठांना फोन सोडवायला मात्र पुष्कळ दिवस लागले. अजूनही कधीमधी येतो म्हणे.

सर्वांत अवघड प्रकरण स्टोअरमधल्या काकांचे. तीस वर्षे तेथे असलेले हे मराठी गृहस्थ. कोणत्या जिनाला कोणते बेअरिंग बसते, कोणत्या रोलरचा कोणता पट्टा लवकर झिजतो, कोणता व्यापारी अडल्या वेळी रात्री दुकान उघडतो, हे सर्व त्यांच्या एका लाल वहीत. तेही त्यांच्याच खुणांनी लिहिलेले. हे सारे सॉफ्टवेअरमध्ये घालावे, अशी शेठांची इच्छा. काका ‘करतो, करतो’ म्हणत आणि करीत नसत. एकदा आम्ही दोघेच असताना ते म्हणाले, “साहेब, हे सगळं त्यात घातलं, की मग मला कशाला ठेवतील?”

या प्रश्नाला उत्तर देणे सोपे नव्हते, कारण प्रश्न खरा होता. १९९२ साली वांडा ऑर्लिकोव्स्की या विदुषीने एका मोठ्या सल्लागार कंपनीत लोटस नोट्स ही प्रणाली आली तेव्हा काय झाले, याचा अभ्यास प्रसिद्ध केला. तेथील शिकलेसवरलेले लोकही आपले ज्ञान त्यात टाकीनात. ज्या कंपनीत बढती एकमेकांना मागे टाकून मिळते, तेथे स्वतःजवळचे दुसऱ्यास का द्यावे? आमच्या जुन्या मंडळींना तर हे सांगायलाच नको. मोडी सफाईने वाचणारा माणूस कचेरीत आहे, तोवर त्याच्यावाचून दप्तर हलत नसे. मोडी गेली तेव्हा अनेकांच्या घरात नुसती लिपी गेली नाही, मानही गेला. काकांच्या लाल वहीला ‘बदलास विरोध’ म्हणणे, हे त्या बैलांना दोष देण्यासारखेच झाले असते.

आम्ही शेठांशी स्पष्ट बोललो. काकांना निवृत्तीस दोन वर्षे होती. ती पुरी होतील, पगारात खोट येणार नाही आणि पुढे आठवड्यातून दोन दिवस नव्या मुलांना शिकविण्यासाठी मानधन देऊन बोलावू, हे शेठांनी काकांना लेखी द्यावे. शेठ म्हणाले, “एका वहीसाठी एवढे?” आम्ही म्हटले, एक जिन ऐन हंगामात अडीच दिवस बंद राहिले तर काय पडते, ते आपणच मांडून पाहा. त्यांनी मांडले आणि पत्र दिले.

मग काका रोज दुपारी एक पान सांगत आणि स्टोअरमधला मुलगा ते गुजरातीत भरी. प्रत्येक नोंदीखाली काकांचे नाव राहील, एवढी एक अट त्यांनी घातली. सात महिने लागले. त्या काळात काका त्या मुलाला पाना हाती देऊन यंत्रापाशीही नेऊ लागले. ते कोणी सांगितले नव्हते.

लाल वही निवृत्तीच्या दिवशी त्यांनी घरी नेली. आत काही पाने सांगायची राहिली असावीत, असा आमचा तर्क आहे. आम्ही विचारले नाही.