जिना चढणारी आजी

थरारपट करायचा म्हटलं की विद्यार्थ्यांना आधी सामान सुचतं. हुडी घातलेला माणूस, सुरा, पाऊस, लुकलुकणारी ट्यूबलाइट, भिंतीवर लाल दोऱ्याने जोडलेली कात्रणं. आमच्या वर्गात पहिल्या बैठकीत वाचल्या गेलेल्या संहितांमध्येही हे सगळं होतंच. त्यात वाईट काही नाही. हे सामान स्वस्तात मिळतं आणि फ्रेममध्ये ठेवलं की फिल्म कुठल्या जातकुळीची आहे ते लगेच कळतं. पण हे काढून घेतल्यावर गोष्टीत काय उरतं, असं आमच्या सरांनी विचारलं आणि बैठक तिथेच गप्प झाली. मग आमच्या गटाने ठरवलं, यातली एकही वस्तू वापरायची नाही. थरारपटच करायचा, पण भर दुपारी, लख्ख उजेडात, आणि खलनायकाच्या जागी एक आजी.

गोष्ट छोटी होती. पुण्यातल्या पेठेत एक जुनी, लिफ्ट नसलेली इमारत. तिसऱ्या मजल्यावर आजी एकटी राहते. तिच्याकडे कामाला येणाऱ्या बाईंनी नड होती तेव्हा तांदळाच्या डब्याच्या तळाशी लपवलेल्या मोत्याच्या कुड्या उचलल्या आणि गहाण टाकल्या. आता कुड्या सोडवून आणल्या आहेत, पण बाई तापाने पडल्या आहेत. म्हणून त्यांची मुलगी आईकडची किल्ली घेऊन त्या गुपचूप जागेवर ठेवायला आली आहे. आजी पेन्शनसाठी हयातीचा दाखला द्यायला बँकेत गेली आहे. निदान तास-दीड तास तरी ती येत नाही. खून नाही, पोलीस नाहीत.

पहिल्या मसुद्यात मुलगी चोरी करायला आली आहे असं वाटत राहायचं आणि अगदी शेवटी कळायचं, की ती चोरलेलं परत ठेवत होती. आमचा संकलक या शेवटावर फिदा होता. सर म्हणाले, हे पहिल्याच मिनिटात सांगून टाका. वर आणखी एक सांगा: बँकेत सर्व्हर डाऊन आहे आणि आजी घरी परत निघाली आहे. संकलक वैतागला. “सगळंच सांगितलं तर उरलं काय?” या एका प्रश्नावर आम्ही कित्येक संध्याकाळी टपरीवर भांडलो.

भांडणाचं मूळ आमच्या वाचनात होतं. आपल्याकडे थरार येतो तो बहुतेक रहस्यकथेच्या वाटेने. घरात बाबूराव अर्नाळकरांचा झुंजार, काळा पहाड वाचलेली पिढी असते. टीव्हीवर केव्हातरी ‘पाठलाग’ पाहिलेला असतो. राजा परांजपे यांचा हा 1964 चा चित्रपट. त्यावरून दोनच वर्षांनी राज खोसलांनी हिंदीत ‘मेरा साया’ केला. वकिलाची बायको वारली आहे आणि हुबेहूब तिच्यासारखी दिसणारी आरोपी बाई कोर्टात सांगते, मीच तुमची बायको. ती खरी की खोटी हे प्रेक्षकाला शेवटपर्यंत कळत नाही, आणि न कळण्यातच त्याची मजा आहे. प्रेक्षक तिथे वकिलाच्या जोडीने कोडं सोडवत बसलेला असतो. आमच्या मुलीच्या गोष्टीत कोडं नव्हतंच. होती ती फक्त वेळेची गाठ.

आल्फ्रेड हिचकॉक यांनी 1962 मध्ये फ्रान्स्वा त्रुफो यांना दिलेली दीर्घ मुलाखत पुढे पुस्तकरूपाने आली. चित्रपट शिकणारा प्रत्येक जण तिच्यातलं टेबलाखालच्या बॉम्बचं उदाहरण कधी ना कधी ऐकतोच. दोन माणसं गप्पा मारत बसली आहेत आणि अचानक स्फोट झाला, तर प्रेक्षक पंधरा सेकंद दचकतो. तोच बॉम्ब आधी दाखवला, तो कधी फुटणार हेही सांगितलं, तर त्याच निरस गप्पा पंधरा मिनिटं जीव मुठीत धरून ऐकाव्या लागतात. हे उदाहरण आम्हाला पाठ होतं. आपल्या गोष्टीतला बॉम्ब म्हणजे गुडघे दुखणारी, हातात भाजीची पिशवी असलेली आजी आहे, हे मात्र संहितेवर पेन्सिल चालवताना दिसलं. ती पहिल्या पायरीवर पाय ठेवते तेव्हा वर मुलीने नुकतं कुलूप उघडलेलं असतं. संकलकाने हे दोन कागद शेजारी ठेवून वाचले आणि भांडण मिटलं.

इथून पुढचं बहुतेक सगळं काम स्पष्ट करण्याचं होतं. थरारपट म्हणजे लपवाछपवी असा एक समज असतो. पण कौटुंबिक नाटकात खोली कुठल्या मजल्यावर आहे हे कळलं नाही तरी चालतं, थरारपटात चालत नाही. आजी आत्ता नेमकी कुठे आहे हे प्रेक्षकाला दर क्षणी कळायलाच हवं. ते नाही कळलं तर त्याची भीती जाऊन नुसता गोंधळ उरतो. म्हणून प्रत्येक मजल्याला आम्ही एकेक खूण दिली. पहिल्यावर सायकल, दुसऱ्यावर कुंडीतली तुळस, तिसऱ्यावर बंद पडलेलं पाण्याचं मीटर. मुलगी आत शिरताना या तिन्ही खुणा एका सलग शॉटमध्ये ओलांडते. प्रेक्षक त्या मोजत नाही, पण त्या त्याच्या लक्षात राहतात. मग आजीच्या मागे नुसती तुळस दिसली तरी काळजाचा ठोका चुकतो. आजी फ्रेममध्ये कायम डावीकडून उजवीकडे चढते, मुलगी दाराकडे बघताना कायम उजवीकडून डावीकडे बघते. दोघी एका फ्रेममध्ये कधीच येत नाहीत, तरी एकमेकींवर चालून येतायत असं वाटतं, ते या दिशांमुळे.

उजेडाचा आग्रह आम्ही हिचकॉककडूनच उचलला. ‘नॉर्थ बाय नॉर्थवेस्ट’मध्ये (1959) नायक एका सपाट, उघड्या माळरानावर भर उन्हात उभा असतो आणि पिकांवर औषध फवारणारं विमान त्याच्यावर चालून येतं. अंधार नाही, गल्ली नाही, आणि विमान टँकरवर आदळेपर्यंत पार्श्वसंगीतही नाही. लपायला जागा नसणं हाच तिथला धोका. आमच्याकडे माळरान नव्हतं, पण पुण्यातली दुपारी एक ते चारची वेळ होती. दुकानं बंद, दारं लोटलेली, जिन्यात चिटपाखरू नाही. त्या शांततेत किल्ली फिरल्याचा आवाजही खालच्या मजल्यापर्यंत जातो.

आजीची भूमिका प्रायोगिक रंगभूमीवर हयात घालवलेल्या एका ज्येष्ठ अभिनेत्रींनी केली. आम्ही त्यांना मावशी म्हणायचो. त्या खरोखरच जिना चढताना थांबायच्या, त्यामुळे किती टेक घ्यायचे हा प्रश्न माणुसकीचाही होता. ख्रिस्तोफर नोलननी ‘फॉलोइंग’ (1998) हा पहिला चित्रपट नोकरी करणाऱ्या मित्रांना घेऊन, सुटीच्या दिवशी, कृष्णधवल सोळा मिलिमीटर फिल्मवर केला. फिल्म महाग म्हणून नाटकासारख्या तालमी आधी आणि चित्रीकरणात एक-दोन टेक, असा त्यांचा शिरस्ता होता. आम्हीही तालमी खालच्या अंगणात खडूने पायऱ्या आखून केल्या. “मावशी, या टप्प्यावर दम खा,” असं मी सांगितलं तर त्या म्हणाल्या, “दम खायला सांगू नकोस बाई, तो येतोच. पिशवी कुठल्या हातात ते सांग.” त्यांचं खरं होतं. पिशवी उजव्या हातातून डाव्या हातात गेली की दोन पायऱ्यांचा वेळ मिळतो, आणि प्रेक्षकाला आशा वाटते.

पडद्यावरचा वेळ आपण बनवायचा असतो. ते तीन जिने चढायला मावशींना लागायचा त्याच्या दुपटीहून जास्त वेळ फिल्ममध्ये लागतो, आणि तरी कुणाला तो ताणलेला वाटत नाही. सुरुवातीला दोन्हीकडचे शॉट लांब आहेत. आजी दुसऱ्या मजल्यावर आल्यावर ते आखूड होत जातात. आणि जिथे सगळ्यांना वाटतं की आता कट आणखी भरभर येणार, तिथे संकलकाने एक शॉट लांबवला. शेजारची बाई दार उघडून आजीला विचारते, “झालं का हो काम?” आणि आजी सर्व्हरपासून सुनेपर्यंत सगळं सांगत बसते. एरवी हा संवाद कुणी ऐकला नसता. इथे तो सुटका आहे आणि छळही. तो कधी संपेल हे माहीत नसतं, संपू नये असं वाटत असतं.

वर, त्याच वेळी, तांदूळ सांडतात.

हे संहितेत होतं, पण ते किती मोठं आहे हे ध्वनी बघणाऱ्या मैत्रिणीला कळलं. स्टीलच्या डब्यातून फरशीवर पडणाऱ्या तांदळाचा आवाज तिने वेगळा रेकॉर्ड केला, मूठभर आणि चिमूटभर असा दोन्ही. फ्रिट्झ लांग यांनी ‘एम’मध्ये (1931), त्यांच्या पहिल्याच बोलपटात, खुन्याची ओळख त्याच्या शिट्टीत ठेवली. फुगे विकणारा आंधळा माणूस त्या शिट्टीवरून त्याला ओळखतो. एक आवाज आधी प्रेक्षकाच्या कानात बसवायचा आणि मग तो एकटाच वाजवायचा, एवढंच ते तंत्र. आम्ही आजीच्या किल्ल्यांच्या जुडग्याचा आवाज सुरुवातीलाच बसवून घेतला होता. म्हणून पुढे मुलगी गुडघ्यावर बसून दाणे वेचत असताना आजी दाखवायची गरजच उरली नाही. जिन्यातून नुसतं जुडगं वाजतं. संगीत घालून पाहिलं आणि काढून टाकलं, कारण संगीतात दाण्यांचा आवाज बुडत होता.

आता सगळ्यांत चमत्कारिक गोष्ट. ‘सायको’मध्ये (1960) नॉर्मन बेट्स खून झालेल्या बाईचं प्रेत गाडीत घालून गाडी दलदलीत ढकलतो. गाडी बुडता बुडता मध्येच थांबते. त्या क्षणी बघणाऱ्याला वाटतं, बुड बाई एकदाची! ‘स्ट्रेंजर्स ऑन अ ट्रेन’मध्ये (1951) खुन्याच्या हातून लायटर गटाराच्या जाळीतून खाली पडतो आणि तो बोटं ताणून तो काढू बघतो. त्या लायटरने निरपराध माणूस अडकणार आहे हे ठाऊक असूनही आपली बोटं त्याच्याबरोबर ताणली जातात. ज्याची धडपड जवळून आणि सविस्तर दाखवली जाते त्याच्या बाजूने आपण श्वास घेऊ लागतो. न्यायअन्याय नंतर आठवतो.

पुण्यातच चित्रित झालेल्या ‘अंधाधुन’मध्ये (2018) श्रीराम राघवन यांनी हेच केलं. मूळ बीज ऑलिव्हिए त्रेने यांच्या ‘लाकॉर्दर’ या छोट्या फ्रेंच फिल्मचं. आंधळा असल्याचं सोंग घेतलेला पियानोवादक आणि समोर प्रेत. त्याला दिसतं हे आपल्याला आधीच सांगून ठेवलेलं असतं, त्यामुळे त्याने पियानोवरून नजर न हलवणं हीच मारामारी होते. तो लबाड आहे, तरी त्याची लबाडी उघडी पडू नये म्हणून आपण खुर्चीचा हात घट्ट धरतो. लांबीने छोट्या फिल्मलाही एवढं पुरतं: एक माणूस, एक गुपित आणि ते कळू नये असा दुसरा माणूस समोर.

आमची फिल्म वर्गाबाहेर पहिल्यांदा दाखवली ती मावशींच्या नाट्यमंडळाच्या हॉलमध्ये. बघणाऱ्यांत बहुतेक आजीच्या वयाच्या, आजीसारख्याच घरांतल्या बायका होत्या. फिल्मच्या शेवटी मुलगी गच्चीच्या जिन्यावर दडते, आजी आत जाते, चप्पल काढते, आणि अनवाणी पायाखाली तिला तांदळाचा एक दाणा लागतो. ती खाली बघते, मग डब्याकडे बघते. तिथे फिल्म संपते. त्यानंतर हॉलमध्ये जो वाद झाला तो आम्हाला अपेक्षित नव्हता. एक बाई ठामपणे म्हणाल्या, “हिनं पोलिसांत कळवायला हवं.” दुसऱ्या ताडकन म्हणाल्या, “अहो, पण ती ठेवायला आली होती!” पहिल्या म्हणाल्या, “ते आपल्याला माहीत. आजीला कुठे माहीत?”

या तीन वाक्यांत आमच्या शिकण्याचं सार होतं. तीच गोष्ट पहिल्या मसुद्यानुसार केली असती, तर त्या हॉलमधल्या सगळ्याजणींनी बहुतेक वेळ कामवालीच्या मुलीवर संशय घेतला असता आणि शेवटच्या अर्ध्या मिनिटात थोडं ओशाळून घरी गेल्या असत्या. माहिती आधी दिल्यामुळे त्या मुलीबरोबर दाणे वेचत बसल्या. ज्या मुलीकडे एरवी संशयाने पाहिलं गेलं असतं, तिच्यासाठी त्या घाबरल्या.

आज विद्यार्थी माझ्याकडे थरारपटाची संहिता घेऊन येतात तेव्हा मी त्यांना कागदावर तीन रकाने आखायला लावते: प्रत्येक प्रसंगात प्रेक्षकाला काय माहीत आहे, पात्राला काय, आणि ज्याची भीती आहे त्याला काय. पहिले दोन रकाने कायम सारखेच निघाले तर ती रहस्यकथा आहे. ती लिहायला हरकत नाही, फक्त आपण ती लिहितोय हे ठाऊक असावं. पहिला रकाना भरलेला आणि दुसरा रिकामा असेल तर थरार तिथेच आहे, हुडी आणा किंवा आणू नका. आणि दुसऱ्या रकान्यावर कुणाचं नाव लिहायचं, हे ठरवताना घाई करू नका असं सांगते. ज्याचं नाव तिथे येईल त्याच्यासाठी एक अख्खं प्रेक्षागृह जीव मुठीत धरणार असतं. कुणासाठी धरायला लावायचा, हा निर्णय कॅमेऱ्याच्या आधी होतो आणि तो दिग्दर्शकाचाच असतो.