मे महिन्यातल्या मोकळ्या आठवड्यास, मुक्काम लवळे

प्रिय आठवड्या,



तू नुसता दिसलास तरी लोक तुझ्या मागे लागतात. परीक्षा आटोपलेल्या असतात, पाऊस अजून लांब असतो, नोकरीवाल्या मित्रांच्या रजा एकदाच्या जुळलेल्या असतात, आणि लगेच कुणीतरी यादी काढतं. सोमवारी लवासा, मंगळवारी ताम्हिणी, तिथून खाली कोकण, परतताना महाबळेश्वर. ताम्हिणीचे धबधबे मे महिन्यात कोरडे असतात आणि महाबळेश्वरच्या घाटात गाड्यांच्या रांगा लागलेल्या असतात, हे सगळ्यांना ठाऊक असतं. तरी निघतात. मित्र एकत्र येतात खरे, पण गाडीत, पुढच्याच्या मानेकडे बघत बसायला. माझं म्हणणं असं की तुला एका गावात राहू द्यावं. आमच्यापुरतं ते गाव लवळे.

चांदणी चौकातून पौड रस्त्याला लागावं, भूगाव, भुकूम मागे टाकून पिरंगुटहून वळावं; नाहीतर पाषाण, सूस, नांदे असं यावं. डोंगरावर सिंबायोसिसच्या इमारती दिसतात, फ्लेम विद्यापीठही लवळ्यातच आहे. पण या दोन्हींच्या पलीकडे शेताच्या बांधावरचे आंबे आहेत, वाळलेल्या गवताचे उतार आहेत, करवंदीच्या जाळ्या आहेत. आणि पुणं इतकं जवळ की रजा न मिळालेला मित्रही काम संपवून संध्याकाळी येऊन मिळतो. मला ही सोय फार मोलाची वाटते. कुणालाही वगळावं लागत नाही.

तुझं वेळापत्रक ऊन ठरवतं. सहाला डोंगराला लागायचं आणि नऊच्या आत सावलीत परतायचं. सकाळच्या त्या तासांत करवंदं. जाळीत हात घालायचा तो काट्यांचा अंदाज घेत, कारण काटे जोडीनं असतात आणि एकातून सुटलेलं बोट दुसऱ्यात अडकतं. काळंभोर फळ अलगद सुटतं. जरा कच्चं असलं तर देठातून पांढरा चीक येतो आणि बोटं एकमेकांना चिकटतात. मग दातानं फोडून बघायचं, कोंबडा की कोंबडी. आतून लाल निघालं तर कोंबडा, फिकं निघालं तर कोंबडी. चाळिशी उलटलेली माणसं यावर हमरीतुमरीवर येताना मी पाहिली आहेत, आणि तो आवाज ऐकला की मला बरं वाटतं. खाली रस्त्याकडेला पानांच्या द्रोणात हीच करवंदं विकायला बसलेल्या बायका आमच्याही आधी, अंधारातच डोंगर चढलेल्या असतात. म्हणून जाळी ओरबाडायची नाही, तोंडापुरतं खायचं, आणि येताना त्यांच्याकडून घासाघीस न करता दोन द्रोण घ्यायचे.

दुपार माठाजवळ, पन्ह्याचा पेला हातात घेऊन. त्यातही एक दुपार खास असते. पुण्याच्या परिसरात १३-१४ मेच्या सुमारास सूर्य बरोबर डोक्यावर येतो. साधारण साडेबारा वाजता अंगणात पाण्याची बाटली सरळ उभी करावी. तिची सावली आक्रसत जाते, बुडाशी एक बारीक कड उरते आणि मग तीही जाते. बाटली फरशीवर वरून चिकटवल्यासारखी दिसायला लागते. पोरं स्वतःची सावली शोधत गोल फिरतात. कर्कवृत्ताच्या दक्षिणेला राहणाऱ्या आपल्यासारख्यांना हे वर्षातून दोनदा मिळतं, पण दुसरी खेप जुलैअखेरीस, ढगांच्या आड जाते. म्हणजे खऱ्या अर्थानं शून्य सावली ही तुझीच देणगी.

ऊन कललं की खेळ. वडाला पारंब्या असतील तर सूरपारंब्या, मोकळी जागा असेल तर विटीदांडू, आणि क्रिकेट तर कुठेही. हा मुळशी तालुका कुस्तीचा. या दिवसांत आसपास कुठे यात्रा असली तर मित्रांना घेऊन आखाड्याच्या कडेला मातीत बसावं. एखाद्या संध्याकाळी वळवाचे ढग जमतात. गडगडाट ऐकू आला की मात्र डाव अर्धा टाकायचा आणि पक्क्या घरात शिरायचं. झाडाखाली थांबायचं नाही. विहीर, नदी, धरण यांचंही तसंच. गावातला जाणता माणूस सोबत नसेल तर पाण्यात उतरायचं नाही, मित्रांनी कितीही डिवचलं तरी.

रात्री गच्चीवर सतरंज्या. सप्तर्षींच्या शेपटीची कमान तशीच पुढे नेली की स्वाती, आणखी पुढे चित्रा. आग्नेयेकडून वृश्चिक वर चढत असतो, त्यातली ज्येष्ठा तांबूस. दक्षिणेचं क्षितिज मोकळं असेल तर अगदी खाली त्रिशंकूही दिसतो. दिल्लीच्या माणसाला तो असा सहज सापडत नाही. पुण्याच्या ज्योतिर्विद्या परिसंस्थेनं १९४४पासून कितीतरी लोकांना हे आकाश दाखवलं आहे. पडल्या पडल्या गप्पा कुठूनही कुठे जातात. कुणी पश्चिमेकडे हात करून मुळशी धरणाचा विषय काढतं. १९२१च्या उन्हाळ्यात इथल्या मावळ्यांनी, पुढे सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली, आपल्या जमिनींसाठी सत्याग्रह केला. धरण झालं, गावं बुडाली, आणि ते पाणी आजही डोंगराखाली भिऱ्याला वीज करायला जातं. ज्या रात्री उद्या कुठे पोचायचं नसतं त्याच रात्री अशी गोष्ट पूर्ण सांगून होते. धावत्या सहलीत ती निम्म्यातच राहते.

आता जे सांगण्यासाठी मुख्यतः बसलो ते. तुझ्याच दिवसांत वणवे लागतात. उतारावरचं गवत इतकं वाळलेलं असतं की फेकलेलं थोटूक पुरतं. गवत जाळलं की पुढच्या वर्षी चांगलं येतं, अशी समजूत अजून आहे, पण त्या आगीत टिटवीची, तित्तराची जमिनीवरची घरटी जातात, करवंदीच्या जाळ्या जातात, कुणीतरी आदल्या पावसात लावलेली रोपं जातात. वाऱ्यानं दिशा बदलली की आग धावत येते. हिरव्या डहाळ्यांनी झोडपून ती विझवणारी गावातली पोरं मी जवळून पाहिली आहेत. भुवया होरपळलेल्या, घसा धुरानं बसलेला. वनखातं जाळरेषा काढतं. पण डोंगरावर चूल मांडायचीच म्हणणाऱ्या टोळक्यापुढे जाळरेषा किती पुरणार?

म्हणून तुझ्या निमित्तानं येणाऱ्या सगळ्या मित्रमंडळींना माझी कळकळीची विनंती आहे. या, राहा, खेळा, मनसोक्त गप्पा मारा. स्वयंपाक खाली गावात करा, नाहीतर गावातल्या ताईंना सांगून पिठलं-भाकरी करून घ्या आणि पैसे वेळेवर द्या. बाटल्या, पिशव्या परत न्या. आणि डोंगर चढण्याआधी सगळ्यांच्या खिशातल्या काडेपेट्या आणि लायटर घरीच काढून ठेवा.

तुझा,
लवळ्याला येणाऱ्यांपैकी एक