आजींचे इंग्रजी पुस्तक

बडोद्यातील कित्येक मराठी घरांची मुले परदेशी गेली. नातवंडांस मराठी येईना, म्हणून आजी-मावशींनी इंग्रजी संभाषण शिकण्याचे मनावर घेतले. पुस्तक निवडण्याचे काम आम्हां विद्यार्थ्यांकडे आले.

तर्खडकरांची भाषांतर पाठमाला घरात होतीच. पण मनात भाषांतर जुळेपर्यंत दूरध्वनीवरील नातू कंटाळून जावयाचा! ऑग्डेन यांचे 1930 चे 'बेसिक इंग्लिश' अवघ्या 850 शब्दांचे. त्यात 'विचारणे' हे क्रियापदच नाही. 'प्रश्न ठेवणे' म्हणावयाचे. केवढा हा द्राविडी प्राणायाम! बालवर्गाचे चित्रमय पुस्तक आजींनी नुसते मिटून ठेवले.

अखेर अलेक्झांडर यांचे 1967 चे 'फर्स्ट थिंग्ज फर्स्ट' घेतले. पहिल्याच पाठात हातपिशवी कोणाची, याची विचारपूस आहे. दुसऱ्या दिवशी आजींनी आमच्या दप्तरांची इंग्रजीत झडती घेतली.