कल्पेनीतलं लेकीचं घर

माड, मासळी आणि मशीद या तिन्ही गोष्टी एका नजरेत दिसल्या की कोकणातल्या माणसाला परकं वाटत नाही. लक्षद्वीपला पोहोचल्यावर आमचं असंच झालं. केरळच्या किनाऱ्यापासून दूर अरबी समुद्रात ही 36 बेटं आहेत. सगळी जमीन एकत्र केली तरी जेमतेम 32 चौरस किलोमीटर भरते. वस्ती फक्त दहा बेटांवर. 2011 च्या जनगणनेत इथली लोकसंख्या 64,473 होती आणि त्यातले 96 टक्क्यांहून अधिक लोक मुसलमान. तेही आपल्या कोकणी मुसलमानांसारखेच शाफई मसलकाचे. त्यामुळे नमाजेच्या सफेत उभं राहिलं की भाषा येत नसल्याची आठवणही राहत नाही.

आम्ही दोघंही शिक्षक. कालिकतच्या एका प्रशिक्षण वर्गात कल्पेनी बेटावरच्या एका शिक्षकाशी ओळख झाली होती. त्यांनी बरीच वर्षं बोलावणं लावून धरलं होतं. लक्षद्वीपला मनात आलं म्हणून जाता येत नाही, परवाना लागतो. आपल्या ओळखीचा बेटकरी असेल तर काम सोपं होतं. दिवाळीच्या सुट्टीत सगळं जमून आलं आणि आठवीतली लेक व पाचवीतला मुलगा यांना घेऊन आम्ही कोचीहून जहाजात बसलो. रात्र समुद्रात गेली. सकाळी जहाज प्रवाळाच्या कडेबाहेर थांबलं आणि आम्हाला लहान होडीत उतरवून घेतलं. गडद निळं पाणी एका रेषेवर संपतं आणि हिरवं, काचेसारखं पाणी सुरू होतं. त्या हिरव्या पाण्याला लगून म्हणतात. त्यात बसल्या बसल्या तळाची वाळू दिसते.

घर बैठं, मंगलोरी कौलांचं, चारी बाजूंनी माडांनी वेढलेलं. मागे विहीर, न्हाणीघर, कोंबड्या, विलायती फणसाचं झाड, केळी आणि शेवगा. आपल्या दापोली-गुहागरकडची वाडीच जणू. फरक एवढाच की या वाडीतून कुठल्याही दिशेला चालत निघा, थोड्याच वेळात समुद्र. पहिल्या दिवशी मुलगा तिन्ही दिशांना धावून आला आणि म्हणाला, "इथे हरवताच येत नाही!"

घरात उम्मुम्मा म्हणजे आजी, त्यांच्या दोन मुली, एक जावई म्हणजे आमचे स्नेही, आणि चार नातवंडं. आम्ही घराचं कौतुक केलं तेव्हा स्नेही हसून म्हणाले, "माझं नाही, हिचं घर आहे. मी इथला जावई." आम्हाला वाटलं, घरजावई असल्याचा विनोद करतायत. पण तो विनोद नव्हता, तिथली रीतच तशी आहे.

कल्पेनीत घराणं आईकडून चालतं. त्या घराण्याला तरवाड म्हणतात. मुलगी लग्न होऊन सासरी जात नाही, ती आपल्या आईच्या घरीच राहते. पूर्वी नवरा रात्री बायकोच्या घरी यायचा आणि सकाळी आपल्या आईच्या घरी कामाला परतायचा. आता पुष्कळ घरांत नवरा बायकोकडे कायमचा राहतो, काही जोडपी वेगळं घर बांधतात. पण मुलीच्या पायाखालची जमीन तिच्या आईकडची, हे सूत्र अजून टिकून आहे. मालमत्तेचेही दोन प्रकार. तरवाडाची सामाईक मालमत्ता ती 'शुक्रवारची' आणि स्वतः कमावलेली ती 'सोमवारची'. शुक्रवारची मिळकत आईच्या वंशात राहते, सोमवारची शरीअतप्रमाणे वारसांत वाटली जाते. इस्लाम आणि आईकडून चालणारं घराणं एकाच घरात कसं नांदतं, हा प्रश्न मराठी घरात जन्मलेल्या मानववंशशास्त्रज्ञ लीला दुबे यांनाही पडला होता. कल्पेनीच्या अभ्यासावरचं त्यांचं इंग्रजी पुस्तक 1969 साली आलं. मुलींनी शाळेत जावं ही गोष्ट द्वीपांवर नवलाची होती, तेव्हा पहिलं पाऊल याच बेटानं टाकलं असं तिथे अभिमानानं सांगतात.

घरातली कामं समुद्राच्या वेळापत्रकावर चालतात. ओहोटी कधी, भरती कधी, हे लहान पोरालाही ठाऊक. ओहोटीला लगूनचं पाणी गुडघ्याखाली येतं आणि प्रवाळाचे कट्टे उघडे पडतात. तेव्हा बायका आणि मुली टोपल्या घेऊन बाहेर पडतात. डोक्याला ओढणी घट्ट, परकर खोचलेला, पायांत जुने बूट. दगडांच्या फटींतून अष्टपाद काढणं, कवड्या आणि शिंपले वेचणं, लहान मासे धरणं ही कामं बायकांकडे पूर्वापार आहेत. पुरुष बाहेरच्या खोल पाण्यात ट्यूना म्हणजे आपल्याकडचा कुपा धरायला जातात.

दुसऱ्या दिवशी घरातल्या मुलींनी आमच्या लेकीला हाक मारली. ती आमच्या तोंडाकडे बघत राहिली. आमच्याकडे गेली दोन वर्षं तिचं बाहेर जाणं म्हणजे शाळा आणि शिकवणी, एवढंच उरलं आहे. इमारतीखाली क्रिकेट खेळणाऱ्या मुलांत ती आता नसते. कोणी मनाई केली असं नाही. "मोठी झाली आता" हे वाक्य एकदा फुफी बोलली, एकदा शेजारीण बोलली, आणि दार आपोआप लोटलं गेलं. उम्मुम्मांनी लेकीच्या हातात टोपली दिली आणि आम्हाला हिंदीत एवढंच म्हणाल्या, "पाणी चढायच्या आत येतील."

मुली निघाल्या आणि मागून आम्हीही गेलो. मुलींचे नियम कडक होते. पाय सरकवत टाकायचा, कारण वाळूत विषारी काट्यांचा मासा दगडासारखा पडून असतो. जिवंत प्रवाळावर पाय द्यायचा नाही. जो दगड उलटला तो तसाच परत ठेवायचा, खाली कुणाचं तरी घर असतं. समुद्रकाकडी दिसली तर बघायची, उचलायची नाही. प्रवाळ आणि समुद्रकाकडी या दोन्हींना वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे आणि ते घेऊन जाणं गुन्हा आहे. आमच्या लेकीला वर्गात प्रवाळावर चार ओळी होत्या. इथे तिनं पोपटमासा प्रवाळ कुरतडताना पाहिला. त्याच्या पोटातून जाऊन प्रवाळाची वाळू होते, म्हणजे आपण उभे आहोत ती पांढरी वाळू काही अंशी माशांनी दळलेली आहे, हे तिनं आम्हाला समजावलं. आवाज तिचाच होता, पण बऱ्याच दिवसांनी ऐकलेला.

एका सकाळी बेटाच्या पूर्व किनाऱ्यावर गेलो. तिथे प्रवाळाच्या तुकड्यांचा मोठा बांध आहे. माणसांनी रचलेला नाही, 1847 च्या वादळात समुद्रानं फेकलेला. त्या वादळाच्या गोष्टी बेटावर अजून सांगितल्या जातात. जमीन समुद्रापासून काही हातच उंच असेल तर वादळाचा अर्थ काय होतो, हे त्या ढिगावर उभं राहिलं की कळतं. अलीकडे दुसरंच संकट आहे. समुद्राचं पाणी तापलं की प्रवाळ पांढरा पडतो. 1998, 2010 आणि 2016 या वर्षी इथे असं झालं. आणि प्रवाळ मेला की लाटा अडवणारी भिंतच खचते.

मुलांना सगळ्यात नवल वाटलं ते विहिरीचं. चारी बाजूंनी खारं पाणी आणि परसात गोडी विहीर, हे कसं? पावसाचं पाणी वाळूत मुरतं. गोडं पाणी खाऱ्यापेक्षा हलकं, म्हणून ते जमिनीखाली खाऱ्या पाण्यावर तरंगत राहतं. भिंगासारखा त्याचा थर असतो. फार उपसा केला तर खालून खारं पाणी वर येतं, आणि शौचकूप जवळ असेल तर घाणही लगेच उतरते. म्हणून त्या घरात विहिरीजवळ साबण लावायला बंदी होती, आणि वजूला लोट्यातलं पाणी जपून वापरलं जायचं. छपरावरचं पावसाचं पाणी टाकीत साठवतात. 2005 साली कवरत्ती बेटावर समुद्राच्या पाण्यापासून रोज 1 लाख लिटर गोडं पाणी करणारा प्रकल्प सुरू झाला. वरच्या कोमट पाण्याची कमी दाबाखाली वाफ करायची आणि खोल समुद्रातल्या थंड पाण्यानं ती निववायची. मागाहून तसे प्रकल्प दुसऱ्या बेटांवरही झाले. तरी उम्मुम्मांचा भरवसा विहिरीवरच.

नारळाचं तर काहीच वाया जात नाही. सोडणं लगूनच्या काठाला खड्ड्यात पुरून महिनोन् महिने खाऱ्या पाण्यात कुजवतात. मग बायका ती काठीनं बडवतात, धुतात, वाळवतात आणि काथ्या वळतात. माडाच्या नीरेचा गूळ आणि सिरका होतो. खोबरं-गुळाचा हलवा तर आम्ही डबा भरून आणला. उम्मुम्मांनी एकदा जुनी वही दाखवली. मल्याळम भाषा, पण अरबी लिपीत लिहिलेली. उर्दू शिकवणारे आम्ही एकेक अक्षर ओळखत होतो आणि अर्थ एकाही शब्दाचा लागत नव्हता. मुलांनी पोट धरून हसून घेतलं.

शेवटच्या रात्री अंगणात बसलो असताना उम्मुम्मांनी आमच्याकडच्या रीतीची चौकशी केली. मुलगी लग्नानंतर जाते, हे त्यांना ठाऊक होतं. मग वडिलांच्या जमिनीत तिचा हिस्सा? आम्ही सांगितलं, शरीअतनं मुलाच्या निम्मा ठरवला आहे. पण पुष्कळ घरांत बहिणी हक्कसोड पत्रावर सही करून देतात. माहेर तुटू नये म्हणून. स्नेह्यांनी मल्याळममध्ये सांगितलं. म्हातारीनं थोडा वेळ सुपारी चघळली आणि विचारलं, "नवऱ्यानं सोडलं तर ती कुठल्या दारात जाते?"

आम्ही म्हणालो, भावाच्या.

"आणि भावजयीनं दार लावलं तर?"

याला आमच्याजवळ उत्तर नव्हतं.

तरवाडाची पद्धत आपण उचलून आणावी असं आमचं म्हणणं नाही. तिच्याही अडचणी आहेत. सामाईक मिळकतीचे वाद तिथेही होतात, आणि बाप मुलांना पाहुण्यासारखा राहिल्याची खंत स्नेह्यांनी स्वतः बोलून दाखवली. त्यांचे अब्बा आयुष्यभर रात्रीचेच घरी आले. पण आपल्याला नवी पद्धत हवी कशाला? मुलीचा हिस्सा तर आधीच ठरवून दिलेला आहे. द्यायचा राहतो, एवढंच.

आमच्या अब्बांची वाडी अजून वाटली गेलेली नाही. दोन बहिणी आहेत. धाकटी परवा फोनवर म्हणाली, "मला काही नको, भाईजान, ईदला येऊ दिलंत की झालं." आम्ही तिला सांगितलं, ईदला तू आमच्या नाही, तुझ्या वाडीत येशील. सातबाऱ्यावर दोघींची नावं लागतील. फोनवर ती बराच वेळ बोलली नाही. मग विचारलं, विहिरीजवळचे दोन माड कुणाच्या वाट्याला? ते तिनं लहानपणी लावले होते. आम्ही म्हणालो, तुझ्याच.