टाक्यांतला प्राणवायू

नदीत विरघळलेल्या प्राणवायूचे आकडे क्रोशाने विणायचे, तर रंग कुठे बदलायचा ते आधी ठरवावं लागतं. लिटरला ५ मिलिग्रॅमच्या वर निळा. त्याखाली माशांना जड जातं, तिथे पिवळा. २ च्या खाली काळा. तिथे फार थोडे मासे तगतात. महिन्याला एक ओळ. आलेखातला काळा ठिपका नजरेखालून निसटतो. काळी ओळ मात्र खांबामागून खांब घालत शेवटपर्यंत न्यावी लागते, आणि तेवढा वेळ त्या महिन्यातच राहावं लागतं.

*

१९९७. कॉर्नेल विद्यापीठात डाइना टायमिना यांनी ठरावीक टाक्यांनंतर एक टाका वाढवत क्रोशाने हायपरबोलिक पृष्ठभाग विणला. कड वाढत जाते, सपाट राहायला जागा पुरत नाही, चुण्या पडतात. कितीतरी प्रवाळांची घडण अशीच. २००५ पासून मार्गारेट आणि क्रिस्टीन वर्थहाइम या मूळच्या क्वीन्सलँडच्या बहिणींनी त्याच युक्तीतून प्रवाळांची अख्खी वसाहत उभी केली. देशोदेशीच्या हजारो बायकांचे हात तिला लागले. समुद्र तापला की प्रवाळ आपल्या अंगातलं शेवाळ टाकून देतं आणि पांढरं पडतं, म्हणून या विणलेल्या वसाहतीतला एक भाग पांढराफटक. दुसरा प्लास्टिकचा. मला पांढरा अधिक मोलाचा वाटतो. रंग गेला, हीच तिथली माहिती आहे.

*

पाण्याचा रंग मोजायची फोरेल-उले पट्टी २१ छटांची, निळ्यापासून तपकिरीपर्यंत. जणू लोकरीच्या दुकानातलं शेडकार्डच. विणणाऱ्याला मोह होणारच. पण रंग गाळाचं आणि शेवाळाचं सांगतो. विष्ठेतले जंतू नितळ पाण्यातही असू शकतात.

*

ज्या महिन्यात पाणी तपासलंच नाही, तिथे साखळ्यांची मोकळी जाळी ठेवावी. शेजारचा रंग ओढून ती बुजवली, की खोटा आकडा लिहिला.

*

दोरा कुठे रंगला? इचलकरंजीतल्या कापड प्रोसेसिंगचं सांडपाणी आणि पंचगंगा नदी, हे दुखणं जुनं आहे. म्हणून नदीसाठी विणताना घरातली उरलेली लोकर आधी संपवावी.

*

कडेला सूची हवीच: रंग, एकक, पाणी घेतल्याची जागा. आणि वेळ. शेवाळाने भरलेल्या पाण्यात दुपारी प्राणवायू भरपूर दिसतो, कारण ऊन असेतो शेवाळ तो सोडत असतं. रात्रभर सगळेच तो वापरतात आणि पहाटे तो सर्वांत कमी असतो. दुपारचा आणि पहाटेचा आकडा एकाच ओळीत विणू नये.