यादी मागितलीस, पत्र घे

बार्न्सली, दक्षिण यॉर्कशायर

प्रिय मंदा,

तुझा निरोप पोचला. भाचीला डॉनकास्टरच्या हॉस्पिटलात नोकरी लागली हे वाचून बरं वाटलं. माझ्या घरापासून ते गाव तासाभराच्या आत आहे. इंग्रजीची परीक्षा ती पहिल्या फटक्यात पास झाली, आता फक्त 'तिकडच्या लोकांचे खास शब्द' राहिलेत, तेवढे पन्नासेक लिहून पाठव, ती विमानात पाठ करेल, असं तू म्हणतेस. तुझा उरक मला ठाऊक आहे. तू त्या कागदाला लॅमिनेशन करून तिच्या पर्समध्ये घालशील. म्हणून यादी पाठवत नाही.

अशी यादी म्हणजे काही नवी गोष्ट नाही. खुद्द डॉनकास्टरलाच काही वर्षांपूर्वी परदेशातून आलेल्या डॉक्टरांसाठी तिथल्या आरोग्यसेवेनं बोलीतल्या शब्दांचं टाचण काढलं होतं. उपयोग होतो, नाही असं नाही. 'लग' म्हणजे कान, 'नेब' म्हणजे नाक, 'जिगर्ड' म्हणजे पार दमलेला, हे आधी माहीत असलं तर पेशंटला दोनदा विचारावं लागत नाही. घोटाळा होतो तो कानासाठी केलेली यादी माणूस तोंडासाठी वापरायला लागला की.

मी पाहिलंय गं. नव्या नर्सेसची बॅच येते आणि पहिल्याच दिवशी त्यातली एखादी वॉर्डाच्या दारातून हात वर करून 'एय उप!' म्हणत आत शिरते. 'एय उप' म्हणजे आपलं 'काय मग, काय चाललंय'. पेशंट हसतात, मायेनंच हसतात, पण हसतात. आठव, तुमच्या शेजारी आलेला पुण्याचा जावई पहिल्याच पंगतीला जिलेबी खाऊन 'नाद खुळा' म्हणाला होता, तेव्हा तुझ्या आईनं पदर तोंडाला लावला होता. शब्द बरोबर होता, जिलेबीही तशीच होती. तरी.

इथल्या बाजारात कपांवर, टॉवेलांवर, फ्रिजच्या चुंबकांवर हे शब्द छापलेले मिळतात. 'नौट' म्हणजे काही नाही, 'औट' म्हणजे काहीतरी, 'रेट गुड' म्हणजे लई भारी. बाहेरचा माणूस आधी हेच उचलतो, कारण ते डोळ्यांना दिसतात. रोजचं बोलणं त्याच्या आजूबाजूला पसरलेलं असतं आणि ते कपावर छापता येत नाही. इथं बसला 'बुस' म्हणतात, कपाला 'कुप', आणि 'लव'चं होतं 'लुव'. हे 'लुव' सगळ्यांना लागू. दुकानदार गिऱ्हाइकाला म्हणतो, नर्स पेशंटला म्हणते, आणि पुरुष पुरुषालाही म्हणतो, त्यात कुणाला काही वाटत नाही. भाचीला आधीच सांगून ठेव, नाहीतर बसच्या ड्रायव्हरनं 'टा, लुव' म्हणून तिकीट हातात दिलं की ती घाबरून मला फोन करायची.

आणि 'द'. तो शब्द इथले लोक उच्चारत नाहीत, गिळतात. पुस्तकात त्याच्या जागी नुसता 'ट' आणि वर एक टिंब-शेपटी छापतात, त्यामुळं नक्कल करणारा माणूस तो 'ट' खणखणीत म्हणतो. टीव्हीवरचे भले भले नट यात उघडे पडतात. खरं तर तिथं अक्षर नसतंच. घसा पापणी लवायच्या आत बंद होतो, उघडतो, आणि पुढचा शब्द येतो. आमच्या वॉर्डातली जुनी हेल्थकेअर असिस्टंट सुट्टीच्या दिवशी 'टार्न'मध्ये जाते, म्हणजे टाऊनमध्ये, म्हणजे बार्न्सलीच्या बाजारात. इथल्या माणसाला 'टार्न' एकच. मी अजून टाऊनच म्हणते. तिला ते चालतं.

हे लोक आपल्या बोलीबद्दल हळवे का, हे भाचीला कळलं पाहिजे. हॅलिफॅक्सचा विल्फ्रेड पिकल्स १९४१ मध्ये, ऐन महायुद्धात, बीबीसीवर देशभराच्या बातम्या वाचायला लागला, तेव्हा त्याच्या यॉर्कशायरी उच्चारांबद्दल तक्रारी गेल्या. असल्या आवाजात सांगितलेली बातमी खरी वाटत नाही म्हणे. केन लोचनं १९६९ मध्ये 'केस' हा सिनेमा याच बार्न्सलीत, इथल्याच पोरांना घेऊन केला, आणि अमेरिकेसाठी त्यातले काही संवाद पुन्हा रेकॉर्ड करावे लागले. पिढ्यानपिढ्या 'नीट बोल' ऐकत आलेली ही माणसं. त्यामुळं बाहेरचा कुणी त्यांचा शब्द त्यांच्यासमोर टाकतो, तेव्हा हा आपल्यात बसायला आलाय की आपली उडवतोय, याचा ते आधी अंदाज घेतात. पुण्याच्या होस्टेलवर कुणी आपलं 'काय करालीस' आपल्यालाच म्हणून दाखवलं की आपणही हेच करत होतो की.

आता कामाचं बोलते. वॉर्डात घोळ होतो तो विचित्र शब्दांनी होत नाही, ते तर कुणीही विचारून घेतं. घोळ करतात ओळखीचे शब्द. 'डिनर' घे. इथल्या जुन्या माणसांचं डिनर दुपारी बाराला असतं आणि संध्याकाळी पाच-साडेपाचला असतो तो 'टी', म्हणजे जेवण. डायबेटिसच्या पेशंटला 'डिनरच्या आधी इन्सुलिन घेतलं का' असं विचारलं आणि तो 'हो' म्हणाला, तर ते दुपारचं की रात्रीचं? मी सरळ घड्याळातली वेळ विचारते. भाचीनंही तेच करावं. आणि कुणी 'कम फॉर युअर टी' म्हणून घरी बोलावलं, तर चहा समजून घरून जेवून जाऊ नकोस म्हणावं.

दुसरा शब्द 'वाइल'. पुस्तकात त्याचा अर्थ 'असताना', इथं त्याचा अर्थ 'पर्यंत'. 'नाइन वाइल फाइव्ह' म्हणजे नऊ ते पाच. ऑपरेशनच्या पेशंटबद्दल 'नथिंग टू ईट वाइल टेन' असं कुणी सांगितलं, तर दहापर्यंत काही द्यायचं नाही. रेल्वे फाटकावर 'दिवे लुकलुकत असताना थांबा' अशा अर्थाची पाटी होती आणि इथली माणसं दिवे लागेपर्यंत थांबून मग गाडी घालायची, हा किस्सा इथं प्रत्येक पाहुण्याला चहाबरोबर मिळतोच. गंमत म्हणजे माझ्या जिभेवर या बोलीतलं खरोखर काही बसलं असेल तर ते हे 'वाइल'. कधी बसलं ते कळलंही नाही. चुलतभावाला मेसेज केला, 'ड्युटी सेव्हन वाइल सेव्हन', तर त्यानं उलट विचारलं, सात असताना सात म्हणजे काय? 'एय उप' मात्र मी आजवर एकदाही म्हटलेलं नाही, आणि कुणी माझ्याकडून ती अपेक्षाही करत नाही.

गेल्या हिवाळ्यात आमच्याकडे एक आजोबा होते. ऐंशी पार केलेले, उमेदीची सगळी वर्षं कोळशाच्या खाणीत घालवलेली, छातीचा भाता झालेला. रात्री दोनला त्यांनी बेल दाबली. केरळची नवी मुलगी गेली. आजोबा म्हणाले, 'आयम स्टार्व्ड, लुव.' पोरगी बिचारी लगबगीनं बिस्किटांचा पुडा घेऊन आली. आजोबांनी तिच्याकडे बघत सावकाश दोन बिस्किटं खाल्ली, पाणी प्यायले, आणि मग म्हणाले, 'आता एक ब्लँकेट पण मिळेल का?' इथल्या जुन्या बोलीत 'स्टार्व्ड' म्हणजे थंडीनं काकडलेला. मुळात तो शब्द नुसता 'मरणे' या अर्थाचा, जर्मनमध्ये अजूनही तसाच आहे. पुढं इंग्लंडच्या इतर भागात माणूस त्यात भुकेनं मरायला लागला आणि या उत्तरेकडच्या गारठ्यात थंडीनं. बिस्किटं का खाल्लीत म्हणून त्या मुलीनं सकाळी विचारलं, तर आजोबा म्हणाले, एवढ्या प्रेमानं आणलीस, नाही कसं म्हणू.

दुखण्याचं तर आपल्या मिरजेच्या वॉर्डासारखंच आहे. शून्य ते दहामध्ये किती दुखतंय असं विचारायची इथं पद्धत आहे. कवलापूरचा शेतकरी हाड मोडलेलं असताना 'काय न्हाई, जरा ठणकतंय' म्हणायचा, तसाच हा खाणवाला 'मिडलिंग' म्हणतो. 'फेअर टू मिडलिंग' असेल तर बरं चाललंय. 'नॉबट मिडलिंग' म्हणाला तर जेमतेम आहे, त्याच्याकडे नीट बघायचं. 'आयम बॅडली' म्हणजे मी आजारी आहे. वागणुकीशी त्याचा काही संबंध नाही. आणि 'पूअरली' घरात म्हटलं तर सर्दी-ताप, पण हॉस्पिटलातल्या सिस्टरनं नातेवाइकांना 'व्हेरी पूअरली' असं सांगितलं, तर मुलांना बोलावून घ्यायची वेळ आलेली असते. यादीत याचा अर्थ 'आजारी' एवढाच लिहिलेला असतो.

ब्रेकला आम्ही 'स्नॅप' खातो. खाणीत न्यायच्या डब्यातल्या खाण्याला हे लोक स्नॅप म्हणायचे. १९८४-८५चा मोठा संप झाला, खाणी एकामागून एक बंद पडल्या, जवळच्या ग्राइमथॉर्पची १९९३ मध्ये गेली, पण स्नॅप हॉस्पिटलच्या फ्रिजमध्ये येऊन राहिलं. त्याहून जुनं म्हणजे 'लेक'. दचकू नकोस, मुलगी नव्हे, 'लेक' म्हणजे खेळणं. ८६६ साली व्हायकिंगांनी यॉर्क घेतलं, त्या लोकांच्या नॉर्स भाषेतला हा शब्द. परकी फौज गेली, तिचं खेळणं राहिलं. आता तो म्हाताऱ्यांच्याच तोंडी सापडतो. आमच्या ओंकारच्या वर्गात कुणाला माहीत नाही. ओंकार तिकडे मैदानात 'इट वर रेट गुड' म्हणतो, बाईंसमोर 'इट वॉज' म्हणतो, आणि आजीशी फोनवर 'लय भारी हुतं'. मी मध्ये पडत नाही.

हे शब्द कुणी जमवले असतील तर त्या जोसेफ राइटनं. ब्रॅडफर्डजवळ १८५५ मध्ये जन्म. सहाव्या वर्षी दगडाच्या खाणीवर गाढवाची गाडी हाकायचा, मग सॉल्टेअरच्या गिरणीत लागला, पंधराव्या वर्षापर्यंत लिहिता-वाचता येत नव्हतं. तिथून गडी हायडेलबर्गला जाऊन डॉक्टरेट मिळवतो आणि ऑक्सफर्डला भाषाशास्त्राचा प्राध्यापक होतो. टोल्किन त्याचा विद्यार्थी. इंग्लंडभरच्या बोलींचा सहा खंडांचा कोश त्यानं १८९८ ते १९०५ मध्ये छापून काढला. आपल्या मराठीचा मोठा कोश १८३१ मध्ये मोल्सवर्थनं केला, तो परक्या कानांनी ऐकून. मला दोघंही आवडतात, पण परकेपणाचा अनुभव घेतल्यापासून मोल्सवर्थ जरा जास्त. शास्त्रीबुवांना समोर बसवून त्यानं किती वेळा 'पुन्हा सांगा' म्हटलं असेल!

भाचीला पाठ करायचंच असेल तर हे एक वाक्य कर म्हणावं: 'से दॅट अगेन फॉर मी, लुव.' एवढं 'लुव' खपून जातं. नुसती मान डोलावू नये. समजल्यासारखं करणारी नर्स पेशंटला लगेच कळते.

एक नाजूक गोष्ट राहिली. आपल्यासारखं 'तू' आणि 'तुम्ही' इंग्रजीत नाही, असं आपल्याला शाळेत शिकवलं. बार्न्सलीत आहे. 'दी' आणि 'दा' म्हणजे तू; पुस्तकातलं जुनं 'दाउ', तेच. घरच्याला, मित्राला, बरोबरच्या खाणवाल्याला. अनोळखी माणसानं मोठ्याला तसं म्हटलं तर 'मला अरे-तुरे करू नकोस, जे तुला करतात त्यांनाच कर' अशा अर्थाची इथं म्हणच आहे. तरुण पोरं आता फारसं वापरत नाहीत, पण म्हातारी माणसं वापरतात, आणि ते सुद्धा आवाज खाली घेऊन. त्या ब्लँकेटवाल्या आजोबांनी पंधरा दिवस मला 'यू' म्हटलं. घरी सोडायच्या दिवशी मी त्यांना औषधं समजावून सांगत होते, तेव्हा ते म्हणाले, 'दाज ऑलराइट, दी.' तू बरी आहेस गं, एवढंच. मी त्यांना 'यू'च म्हटलं. थोरल्या मामांनी आपल्याला 'अगं' म्हटलं म्हणून आपण त्यांना 'अरे' म्हणत नाही, तसंच इथंही. भाचीला कुणी 'दा' म्हटलं तर तिनं ऐकून घ्यावं, उलट परत करू नये. बाकीचं ती आपोआप शिकेल.

आल्यावर पहिला आठवडा तिनं माझ्याकडेच राहावं, खोली रिकामी आहे. लोकरीचे मोजे इथं स्वस्त मिळतात, ते आणायचे नाहीत. त्या जागी कांदा-लसूण मसाला पाठव, तुझ्या हातचा. फ्लाइट मँचेस्टरची घ्या, लंडनची नको.

तुझी,
सुमन