सर्टिफिकेट की नमुना?

'इंजिनीअर होऊन लिहीत बसणार?' टेक्निकल रायटर व्हायचंय म्हटलं की हा प्रश्न ठरलेला. पुढचं वाक्यही ठरलेलं, 'तुझं काय बुवा, कॉन्व्हेंटचं इंग्लिश, कुठेही चिकटशील!' पण मित्रांनो, मशीनचं मॅन्युअल लिहायला फाडफाड इंग्लिश पुरत नाही. हातात पाना घेऊन उभ्या असलेल्या माणसाला पुढे काय करायचं ते नेमकं कळलं पाहिजे. आपल्याला हे जमतं, हे कंपनीला पटवायचं कसं? इथेच सर्टिफिकेटचा मोह सुरू होतो.

सी.ए.ची परीक्षा पास झाल्याशिवाय ऑडिटवर सही करता येत नाही. टेक्निकल रायटरला आपल्याकडे असं कुठलंही लायसन्स लागत नाही. तरी परीक्षा असतात. अमेरिकेतल्या 'सोसायटी फॉर टेक्निकल कम्युनिकेशन'ची सीपीटीसी ही त्यातली नावाजलेली, फाउंडेशन, प्रॅक्टिशनर आणि एक्स्पर्ट अशा तीन पायऱ्यांची. पण १९५३ पासूनची परंपरा सांगणारी ती संस्थाच जानेवारी २०२५ मध्ये दिवाळखोरीत बंद पडली! ज्यांनी फी भरली त्यांचा अभ्यास वाया गेला नाही, पण कागदावर जिचं नाव आहे ती संस्था मात्र आता नाही.

मग सर्टिफिकेट बिनकामाचं का? तसंही नाही. फ्रेशरकडे अनुभव नसतो, तेव्हा 'याने विषय मनावर घेतलाय' एवढं ते नक्की सांगतं. पुढचा प्रश्न मात्र एकच, 'काय लिहिलंयस ते दाखव.'

आणि ते दाखवायला फी लागत नाही. विमान उद्योगात सोप्या इंग्लिशसाठी एएसडी-एसटीई१०० नावाचं स्टँडर्ड आहे. त्यात कृती सांगणारं वाक्य जास्तीत जास्त २० शब्दांचं, आणि शक्यतो एका वाक्यात एकच सूचना. वर्षानुवर्षं सगळे उतरवत आलेत ती लॅब जर्नलमधली 'प्रोसिजर' या नियमांनी लिहून बघा. एफ.ई.च्या पोराला कुणालाही न विचारता त्यावरून प्रयोग जमला, तर तो तुमचा पहिला नमुना!

मी तरी ठरवलंय. आधी गुगलचा टेक्निकल रायटिंगचा फुकट कोर्स आणि असे तीन नमुने. मग ज्या कंपन्यांत जायचंय त्यांच्या जाहिराती वाचायच्या. त्यांत एखाद्या सर्टिफिकेटचं नाव दिसलं, तरच बाबांकडे फी मागायची. बघा, पटतंय का!